पुण्यात बसून मालवाहू जहाज कुठं पोचलंय ते कसं बघायचं

जुलैतली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा, बाहेर धो धो पाऊस, आणि बेल वाजली. दारात शेजारच्या काकू, चष्मा कपाळावर, हातात मोबाईल. "अरे, बघ ना जरा, आमच्या पोराचं जहाज एकाच जागी थिजलंय. काल सकाळपासून तिथंच आहे, हलतच नाहीये. काही झालं तर नसेल ना रे?" त्यांचा मुलगा बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, थर्ड ऑफिसर आहे, सिंगापूरहून मुंद्र्याला निघालेला, आणि दोन दिवस त्याचा व्हॉट्सअॅपही नव्हता.

मी मोबाईल घेतला, जहाजाच्या नावावर बोट ठेवलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. शेवटचा सिग्नल ४० तासांपूर्वी, जागा सुमात्राच्या वरच्या टोकाला बांदा आचेजवळ, वेग १३ नॉट. म्हणजे जहाज थिजलेलं नव्हतंच, ४० तासांपूर्वीचा फोटो आपण आता बघत होतो. खंडाळ्याच्या घाटात रेंज गेली म्हणून गाडी दरीत गेली असं आपण म्हणतो का? तसंच आहे हे.

तेव्हापासून सोसायटीत मी जहाजवाला झालोय. कोणाचा भाचा शिपवर, कोणाचा कंटेनर चीनहून यायचाय, सगळे माझ्याकडे. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, कारण जहाजं नकाशावर दाखवणारी साइट उघडणं दोन मिनिटांचं काम आहे पण त्यावर दिसतंय ते वाचायचं कसं हे कोणी सांगत नाही.

आधी जहाजाचा नंबर मिळवा, नावावर जाऊ नका

नाव टाकून शोधलं की एकाच नावाची चार-पाच जहाजं समोर येतात, त्यात एखादा टग, एखादी मासेमारीची बोट, आणि माणूस भलत्याच जहाजाच्या मागं लागतो. शिवाय जहाज विकलं गेलं की नाव बदलतं, कधी झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलतो. न बदलणारी गोष्ट एकच, आयएमओ म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नंबर. सात आकडी असतो, जहाज बांधताना मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, अगदी गाडीच्या चासी नंबरसारखा. ही पद्धत १९८७ साली सुरू झाली आणि १९९६ पासून मोठ्या जहाजांना सक्तीची झाली.

घरचं माणूस जहाजावर असेल तर त्याच्या करारपत्रात जहाजाच्या नावासोबत हा नंबर बहुधा असतोच, नसला तर साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू, व्हायच्या आधीच विचारून ठेवा. आपण मात्र आधी पोरगा फ्लाइटमध्ये बसेपर्यंत डबे भरत बसतो आणि मग रात्री नंबर शोधतो.

नंबर बरोबर लिहून घेतलाय का हे घरबसल्या तपासता येतं, मला ही गोष्ट फार आवडते. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. सरावाला एव्हर गिव्हन घ्या, मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलेलं ४०० मीटर लांबीचं जहाज. त्याचा नंबर ९८११०००. आता ९ गुणिले ७ म्हणजे ६३, ८ गुणिले ६ म्हणजे ४८, १ गुणिले ५ म्हणजे ५, १ गुणिले ४ म्हणजे ४, पुढचे दोन्ही शून्य. बेरीज १२०, शेवटी शून्य, आणि सातवा आकडाही शून्य. जमलं. काकूंनी फोनवर ऐकून लिहिलेल्या नंबरात ३ चा ८ झाला होता, तो असाच सापडला.

दुसरा एक नऊ आकडी नंबर दिसेल, एमएमएसआय. हा जहाजाच्या रेडिओचा नंबर, मोबाईल नंबर समजा. पहिल्या तीन आकड्यांवरून झेंडा कळतो, भारताचा ४१९, लायबेरियाचा ६३६, मार्शल आयलंड्सचा ५३८. झेंडा बदलला की हा बदलतो, म्हणून वहीत दोन्ही लिहा पण भरवसा आयएमओवर ठेवा. आणि हो, झेंडा पनामाचा दिसला म्हणून मालक पनामाचा असतो असं काही नाही, मालक ग्रीसमध्ये, ऑफिस सिंगापूरला, पोरं आपली, असं सर्रास चालतं.

हा ठिपका येतो कुठून

जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते व्हीएचएफ रेडिओवर सतत ओरडत असतं, मी अमुक, इथं आहे, या दिशेला या वेगानं चाललोय. मूळ हेतू एवढाच की जहाजं एकमेकांवर आदळू नयेत. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांच्या वरच्या सगळ्या जहाजांना हे सक्तीचं आहे, २००४ च्या अखेरीपासून. चालू जहाज दर २ ते १० सेकंदांनी जागा सांगतं, नांगरावर असेल तर ३ मिनिटांनी, आणि नाव, ड्राफ्ट (पाण्यात किती खोल बसलोय), कुठं चाललोय ही माहिती ६ मिनिटांनी.

किनाऱ्यावर लोकांनी, संस्थांनी अँटेना लावलेल्या असतात, त्या हे ओरडणं ऐकतात आणि इंटरनेटवर टाकतात, आणि मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरसारख्या साइट ते नकाशावर मांडतात. मरीनट्रॅफिक तर ग्रीसमधल्या एजियन विद्यापीठातल्या प्रकल्पातून निघालेली साइट आहे. पण व्हीएचएफ म्हणजे साधारण नजरेच्या टप्प्याइतकंच जातं. किनाऱ्यावरची अँटेना उंच असली तर ४० सागरी मैल, म्हणजे पाऊणशे किलोमीटर धरा. त्याच्या पुढं जहाज गेलं की किनाऱ्याला ऐकू येत नाही. विषय संपला.

खोल समुद्रातले सिग्नल उपग्रह पकडतात, नाही असं नाही, पण ती माहिती या साइट बहुतेक पैसे घेऊनच दाखवतात. घरच्या काळजीपोटी ते पॅकेज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत, ते व्यापारी लोकांसाठी आहे, तेवढ्या पैशात पोरगा आल्यावर चार वेळा बाहेर जेवून होईल.

एकानं मला विचारलं की आपणच गच्चीवर अँटेना लावली तर? पुण्यात कशाला लावताय, मधे अख्खा सह्याद्री आडवा आहे. दापोली-अलिबागकडं घर असेल तर गोष्ट वेगळी.

साइट उघडली, जहाज सापडलं, आता काय वाचायचं

सगळ्यात आधी वेळ. वेग नाही, दिशा नाही, नकाशातला सुंदर निळा समुद्र तर नाहीच नाही. शेवटचा सिग्नल किती वेळापूर्वीचा? पाच मिनिटांपूर्वीचा असेल तर पुढचं सगळं खरं धरा, पाच तासांपूर्वीचा असेल तर जहाज पाच तास पुढं गेलंय असं समजून वाचा. ही एक सवय लागली की निम्म्या काळज्या तिथंच संपतात.

वेळ बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. १८:४० यूटीसी दिसलं तर आपल्याकडं रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं, आणि तारीख पुढची! तारखेत सगळे चुकतात, मीही चुकलोय.

मग वेग. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. बल्क कॅरियर १२-१३ नॉटनं चालतं, म्हणजे ताशी २२ ते २४ किलोमीटर, संध्याकाळी सिंहगड रोडवर आपली स्कूटर चालते तेवढं. हसू नका, पण ते चोवीस तास न थांबता चालतं म्हणून दिवसाला तीनशे सागरी मैल कापतं. वेग शून्य पूर्णांक काहीतरी दिसला तर जहाज नांगरावर किंवा धक्क्याला आहे. एक-दोन नॉट दिसला आणि आसपास जमीन नाही, तर ते मुद्दाम वाहत राहिलेलं असू शकतं, पुढची ऑर्डर यायची वाट बघत किंवा बंदरात जागा मिळायची वाट बघत. यात घाबरण्यासारखं काही नसतं.

स्टेटसवर मात्र फार विसंबू नका. इंजिनवर चालू, नांगरावर, धक्क्याला बांधलेलं, असं जे दिसतं ते ब्रिजवरचा, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथला माणूस हातानं बदलतो आणि बदलायला विसरतो. १३ नॉटनं पळणारं जहाज नांगरावर असल्याचं मी कितीदा तरी बघितलंय. वेग आणि स्टेटस जुळत नसेल तर वेग खरा.

ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय. हाही हातानंच भरतात, पण यातून मजा येते. काकूंच्या मुलाच्या जहाजासारखं मध्यम आकाराचं बल्क कॅरियर भरलेलं असताना बारा-तेरा मीटर बसतं आणि रिकामं असताना साधारण निम्मं. म्हणजे बंदरात शिरताना साडेबारा आणि निघताना सहा दाखवत असेल तर माल उतरला. काकू आता म्हणतात, "आज हलका झाला बाई."

कुठं चाललंय आणि कधी पोचणार

हा रकाना म्हणजे निव्वळ माणसाच्या हातचा खेळ. फक्त २० अक्षरं मावतात, त्यात सेकंड ऑफिसर जे टाईप करेल ते. कोणी बंदराचं पूर्ण नाव लिहितं, कोणी स्पेलिंग चुकवतं, नीट लिहिणारे बंदराचा पाच अक्षरी कोड टाकतात. कोडची पहिली दोन अक्षरं देशाची, भारताची आय-एन, सिंगापूरची एस-जी, श्रीलंकेची एल-के, आणि पुढची तीन बंदराची. आय-एन-एन-एस-ए म्हणजे न्हावा शेवा, आय-एन-एम-यू-एन म्हणजे मुंद्रा, एस-जी-एस-आय-एन म्हणजे सिंगापूर. मधे बाण असला तर आधी निघालेलं बंदर, मग पोचायचं. 'फॉर ऑर्डर्स' असं काही दिसलं तर कुठं जायचं हे कंपनीनं अजून ठरवलेलंच नाही किंवा कळवलेलं नाही, तुम्ही-आम्ही काय शोधणार.

पोचायची वेळ म्हणजे ईटीए त्याच रकान्यासोबत भरतात. यात महिना, दिवस, तास, मिनिट एवढंच असतं, वर्ष नसतंच. मागच्या फेरीची वेळ तशीच राहून गेलेली असली तर साइट बिचारी गोंधळते. म्हणून ईटीए बघायचीच असेल तर आपली आपण काढा, पाचवीचं गणित आहे.

काकूंच्या डायनिंग टेबलावर आम्ही ते असं केलं. बांदा आचेहून श्रीलंकेचं खालचं टोक साधारण ८८० सागरी मैल. १३ नॉटनं ४० तासांत ५२० मैल झाले, म्हणजे जहाज निम्म्याच्या थोडं पुढं, आणि आजूबाजूला शेकडो मैल किनाराच नाही. मग सिग्नल कुठून येणार? पुढं पावसाळ्याचे दिवस, नैऋत्येचा वारा आणि लाटा जवळजवळ समोरून, म्हणून एक नॉट कमी धरला. श्रीलंकेच्या अलीकडं ४० मैलांवर आलं की अँटेना पकडेल, म्हणजे ८४० मैल. ते १३ नं भागले तर ६५ तास, १२ नं भागले तर ७०. त्यातले ४० झालेले. उरले २५ ते ३०. म्हणजे उद्या मध्यरात्र ते परवा पहाट, तोपर्यंत काकू, मोबाईल बघायचा नाही, झोपायचं. त्या झोपल्या नसणारच. पण परवा पहाटे साडेतीनचा सिग्नल आला, श्रीलंकेच्या दक्षिणेला, वेग १२.३. पाच वाजता त्यांनी मला उठवून सांगितलं, आता काय बोलणार.

अंतर मोजायला साइटवर पट्टीसारखं साधन असतं, नसेल तर समुद्री अंतर काढून देणाऱ्या वेगळ्या साइट आहेत, दोन बंदरं टाकली की मैल सांगतात. सिंगापूर ते न्हावा शेवा २४०० ते २५०० मैल पडतं, १३ नॉटनं आठ दिवस. कागदावर सरळ रेघ ओढून मोजू नका, जहाज श्रीलंकेला वळसा घालून येतं, रामेश्वरच्या सामुद्रधुनीतून मोठं जहाज येत नाही, तिथं पाणी उथळ आहे.

जुन्या फेऱ्या बघायच्या असतील तर

अलीकडचा थोडा माग आणि दोन-चार बंदरं फुकटात दिसतात, वर्षभराचा इतिहास हवा असेल तर पैसे. यावर माझा उपाय साधा आहे, वही. तारीख, वेळ, जागा, वेग, ड्राफ्ट, बस्स. दर दोन दिवसांनी एक ओळ. सहा महिन्यांच्या करारात जहाजाची अख्खी कुंडली तयार होते आणि पॅटर्नही कळतो, की हे जहाज ऑस्ट्रेलियाहून भरून येतं आणि रिकामं परत जातं, किंवा प्रत्येक वेळी अमुक बंदराबाहेर आठवडाभर लटकतं.

जहाजाचं चारित्र्य तपासायचं असेल तर इक्वासिस नावाची साइट आहे, २००० सालापासून चालू, नाव नोंदवलं की फुकट. आयएमओ नंबर टाकला की मालक कोण, मॅनेजर कोण, कुठल्या बंदरात तपासणी झाली, त्रुटी निघाल्या का, जहाज अडवून ठेवलं होतं का, सगळं कळतं. पोरगा साइन ऑन व्हायच्या आधी ही साइट बघाच बघा. एजंट कितीही गोड बोलला तरी, ज्या जहाजाला तीन-तीन वेळा अडवलंय त्यावर मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही.

जहाज नाही, कंटेनर शोधायचा असेल तर हे वाचा

इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. २०२२ मध्ये चीनमधल्या निंगबोहून एक मशीन मागवलं, वीस फुटी कंटेनर. सप्लायरनं जहाजाचं नाव पाठवलं आणि मी रोज सकाळी चहाबरोबर ते जहाज बघायला लागलो. मलाक्का आली, कोलंबो आलं, मी खूश, आता चार दिवसांत न्हावा शेवा. कोलंबोहून जहाज निघालं आणि सरळ पश्चिमेला! मुंबई उजव्या हाताला ठेवून तांबड्या समुद्राकडं! मी एजंटला फोन लावला की माझं मशीन युरोपला चाललंय, थांबवा. तो आधी दोन मिनिटं हसला. मशीन कोलंबोलाच उतरलं होतं, दुसऱ्या छोट्या जहाजाची म्हणजे फीडरची वाट बघत यार्डात पडलं होतं, आणि मी त्याला सोडून गेलेल्या जहाजाचा पाठलाग करत होतो.

म्हणून कंटेनरच्या बाबतीत जहाज नंतर, कंटेनर नंबर आधी. चार अक्षरं आणि सात आकडे, पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक यू, शेवटचा आकडा तपासणीचा. हा नंबर किंवा बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीचा नंबर शिपिंग लाइनच्या स्वतःच्या साइटवर टाका. तिथं कंटेनर कुठं चढला, कुठं उतरला, पुढच्या कुठल्या जहाजावर बुक आहे ते दिसतं. त्यात ट्रान्सशिपमेंट असा शब्द दिसला की समजायचं, मधे गाडी बदलायची आहे. कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लँग, जेबेल अली ही आपल्याकडच्या मालाची नेहमीची जंक्शनं, दौंडसारखी. तिथून पुढच्या जहाजाचं नाव आणि त्याचा व्हॉएज नंबर, म्हणजे फेरीचा नंबर घ्या, कारण तेच जहाज त्याच मार्गावर काही काळानं पुन्हा येतं, आणि मग ते जहाज नकाशावर बघा.

नकाशाचा उपयोग इथंच होतो. लाइनच्या साइटवर तारीख १४ असते, आणि नकाशावर जहाज १४ च्या सकाळी अजून बंदराबाहेर नांगरावर दिसतं. मग ट्रेलर लगेच बुक करायचा नाही. न्हावा शेवाला वेगवेगळी टर्मिनल्स आहेत, आपलं जहाज कुठल्या धक्क्याला लागतंय हेही झूम केल्यावर दिसतं. पण उलटंही होतं, जहाज लवकर येतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, बहुतेक मालासाठी जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, उशीर झाला तर दंड, म्हणून जहाज श्रीलंका ओलांडून वर वळलं की मी कस्टम्स एजंटला फोन करतो, कागद तयार आहेत का. एकदा कंटेनर उतरला की कस्टम्सच्या आइसगेट साइटवर कागदांची स्थिती बघता येते, आणि गेटबाहेर पडल्यावर लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर कंटेनर नंबर टाकायचा, कंटेनरला लावलेल्या आरएफआयडी टॅगवरून तो कुठल्या टप्प्यावर नोंदला गेला ते कळतं. घाट चढून वर आला की मग ड्रायव्हरचा फोन, तिथं कुठलीही साइट लागत नाही.

नकाशा खोटं बोलतो तेव्हा

कधी कधी जहाज जमिनीवर दिसतं. खरंच. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली बरीच जहाजं नकाशावर रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर उभी दिसत होती, कारण कोणीतरी जीपीएसचे खोटे सिग्नल सोडत होतं. एआयएस जीपीएसवर चालतं, जीपीएस फसलं की एआयएसही फसतं. युद्धाच्या आसपासच्या भागात जहाजं गोल गोल फिरताना, किंवा एका मिनिटात पन्नास मैल उडी मारताना दिसली तर तो हाच प्रकार, जहाज आपल्या जागी आहे.

दुसरं म्हणजे धोक्याच्या भागात कॅप्टन एआयएस बंद करू शकतो, त्याला तशी मुभा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, त्यानंतर कित्येक जहाजं तिकडून जाताना गायब व्हायची आणि पलीकडं उगवायची. काही तर पोचायच्या बंदराच्या जागी 'आर्म्ड गार्ड ऑन बोर्ड' असं लिहून जायची, जाताजाता दम दिल्यासारखं. बरीच जहाजं तो रस्ताच सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, दहा-बारा दिवस जास्तीचे. त्या काळात एका ओळखीच्या बाईंना जहाज अरबी समुद्रातून खाली खाली जाताना दिसलं आणि त्यांना वाटलं वाट चुकलं. वाट चुकलं नव्हतं, केप ऑफ गुड होपला चाललं होतं.

आणि म्हणूनच एक विनंती, घरचं माणूस ज्या जहाजावर आहे त्याचं नाव आणि आजची जागा व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकू नका. नकाशा सगळ्यांना दिसतो हे खरं, पण त्या जहाजावर कोण आहे हे सगळ्यांना कळायची गरज नाही.

खरंच काळजी वाटली, म्हणजे गणितानं सिग्नल यायला हवा होता त्याच्या वर दीड-दोन दिवस गेले, तर नकाशा बंद करा आणि मॅनिंग कंपनीच्या, म्हणजे जहाजावर माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसला फोन करा. जहाज रोज दुपारी आपली जागा, वेग, इंधन कंपनीला कळवतं, त्याला नून रिपोर्ट म्हणतात. म्हणजे कालची दुपारची जागा ऑफिसात कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर असतेच. "आजचा नून रिपोर्ट आला का" एवढंच विचारायचं. हे पाच शब्द बोललात की समोरचा सरळ उत्तर देतो, "बघतो, कळवतो" वर बोळवण करत नाही. हा फोन नंबरही साइन ऑनच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर.

सराव हवा असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर मुंबईच्या बाहेरचा समुद्र झूम करून बघा, अँकरेजला, म्हणजे नांगर टाकून थांबायच्या जागी, जहाजांची ही गर्दी असते. त्यातलं नांगरावरचं कुठलंही एक निवडा आणि त्याचा चोवीस तासांचा माग उघडा. सरळ रेघ नसते, बैल खुंट्याभोवती फिरल्यासारखी कमान असते. भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी उलटते, जहाज नांगराला धरून तोंड फिरवतं, परत सहा तासांनी परत फिरवतं. आमच्या काकू या कमानीवरून ओळखतात की जहाज नांगरावर आहे की धक्क्याला, स्टेटस वाचतच नाहीत आता.